मंडपातली पाणबुडी
आमच्या खाडीकाठच्या चोपडे गावात, धक्क्यावर होड्यांच्या डिझेलचा वास आला, की मला बाबांचे कपडे आठवतात. बाबा नौदलात पाणबुडीवर होते; सुट्टीवर आले की त्यांच्या कपड्यांना हाच वास यायचा. मी शाळेत असतानाच ते कामावर असताना समुद्रातच वारले. पुढे निवडणुकीच्या तोंडावर गावच्या पुढाऱ्याने देवळापुढच्या मंडपात पाणबुडीच्या लढाईचा सिनेमा फुकट दाखवला. पडद्यावर शत्रूचं जहाज फुटलं, घोषणा झाल्या, आणि पाणबुडीतले सगळे हसत घरी परतले. आई माझ्या शेजारी पदर घट्ट धरून बसली होती. दिवे लागताच पुढाऱ्याने तिला वर बोलावून शाल दिली. "वहिनी, आपल्या वीरासाठी मत कोणाला द्यायचं, ते सांगा लोकांना!" तिची अंगणवाडीतली नोकरी त्याच्याच हातात होती, तरी तिने माईक घेतला. "सिनेमातले सगळे परत इले, माझो घोव येवक नाय," ती म्हणाली. "तेच्या नावान मतां मागू नकात." शाल खुर्चीवर ठेवून, माझा हात धरून ती भर मंडपातून बाहेर पडली. महिन्याभरात तिची लांबच्या गावी बदली झाली. रोज दोन बस बदलून ती कामाला जायची, पण बदली रद्द करून घ्यायला त्याच्या दारात गेली नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि त्या दारात मीही अजून पाऊल ठेवलेलं नाही.