चार बोटं उंची

‘धाकली माझी भैन नदीपल्याड नांदती,
गाडी माझ्या ल्येकाची मला घडीत न्हेती.’

मागच्या सीटवरून आईचा आवाज येतो. वीस वर्षांपूर्वीचा. तोंडात पान, रस्त्यातल्या खड्ड्यांवर ओवी हेलकावे खातेय. निपाणी सुटली की ती सुरू करायची आणि कागल आलं की थांबायची. तिथं तिची बहीण दिलेली.

आत्ता दुपार आहे. उद्या आईचं वर्षश्राद्ध. त्याच जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर मी आडवा झालोय, चारी दारं उघडी टाकून. डोकं भणभणतंय. सकाळी मावसबहिणीला, शेवंताला, उद्याचं सांगायला फोन केला. ‘मी येणार नाही,’ म्हणाली. ‘माझी आई शेवटचे दोन दिवस दाराकडं डोळे लावून पडली होती. सख्खी बहीण आली का?’ सहा वर्षं देतोय तेच उत्तर मी दिलं. ‘हट्टी होती गं ती.’

पापण्या जड होतात. पत्र्यावरचं ऊन पातळ होऊन आत झिरपतं. आणि उघड्या दारात आई उभी.

हिरवं लुगडं, हातात पिशवी.

‘ऊठ. मुडद्यागत पडलायस. मेलंय कोण, तू का मी?’

मी उठून बसतो. ‘का आली नाहीस त्या दिवशी मावशीकडं? तुझ्यापायी सहा वर्षं बोलणी खातोय मी.’

‘खातोयस व्हय? वाळल्याला तर दिसत न्हाईस.’

अंगणात आता एसटी लागलेली आहे. कंडक्टर कागल, कागल ओरडतोय. आमची गाडी फलाटावर उभी, शेपूट वर केलेल्या कोंबडीसारखी.

‘हे काय केलंस हिला?’

‘मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले होते. हवेचे शॉकअप घातले.’ राग विसरून मी सांगायलाच लागतो. ‘दोन्ही चाकांशी रबरी पिशव्या असतात. त्यांची नळी डिकीत आणलीय, तिला चाकाला असतो तसला व्हॉल्व्ह. हवा भरली की गाडी मागून उठते, सोडली की बसते.’

‘किती उठती?’

‘चार बोटं.’

‘आन् माझा गुडघा किती उठतो, ते मोजलं हुतंस?’

गाडी अजून उठते. दाराचा उंबरा आईच्या कमरेला लागतो, मग छातीला. एसटी निघून गेलेली असते. तिच्या जागी खाट आहे आणि खाटेवर मावशी, तोंड आमच्याकडं करून. ‘अक्का आली का?’ ती विचारते. माझ्याच तोंडून शब्द येतात, ‘नको म्हणाली.’

‘मी नको म्हणाले?’ आईचा आवाज चिरकतो.

‘चक्कर येतीय म्हणालीस! तुम्ही जावा म्हणालीस!’

‘सूनबाईसमोर काय म्हणू? माझं पाय गेलं म्हणू? एसटीची पायरी तर त्याहून उंच. ही एकच गाडी माझ्या बेताची हुती. तीबी तू माळ्यावर न्हेऊन ठेवलीस.’

‘बोलायचं होतंस!’ मी ओरडतो. खाट हलते, मावशी डोळे मिटून घेते. ‘एक शब्द टाकायचा होतास! हवा सोडायला दोन मिनिटं लागतात!’

‘दोन मिनटं?’ ती जवळ येते. तिच्या श्वासाला कात-चुन्याचा वास आहे. ‘मग का न्हाई सोडलीस?’

अंगण पुन्हा अंगण झालंय. त्या दिवशीच्या सकाळचं. माझे तीन दोस्त गाडीभोवती, दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळावा. एकजण वाकून मडगार्डपासून जमिनीपर्यंतचं माप वाचतोय. वा रे पठ्ठ्या, म्हणतोय. आई पाय उचलते. खाली ठेवते. दाराला धरून पुन्हा उचलते. पुन्हा ठेवते.

‘त्या वक्ताला मी कुणाकडं बघत हुते?’ आई विचारते.

मी मापाच्या टेपचं टोक घट्ट धरतो. त्यावरचे आकडे पुसट होत जातात.

‘सांग की रं. जिभंला काय झालं?’

तिचा आवाज आता नुसता रागाचा आहे, तापलेल्या तव्यासारखा. ती माझं मनगट धरते, ओढत डिकीपाशी नेते. जिवंतपणी कधी लागला नाही एवढा जोर आहे हाताला. माझा अंगठा व्हॉल्व्हवर टेकवते आणि वर आपला अंगठा रेटते.

‘दाब.’

हवा सुटते. कोंडलेली, रबराच्या वासाची. सुटतच राहते. गाडी खाली येते आणि तिच्याबरोबर अंगण, दोस्त, मावशीची खाट, सगळंच हळूहळू खाली बसतं. आई पिशवी आत सरकवते, सहज पाय टाकते, पदर सावरून बसते.

‘चल आता.’

मी स्टिअरिंगवर जाऊन बसतो. आरशात बघतो. मागची सीट भरलेली आहे ती फक्त उन्हानं.

डोळे उघडतात तेव्हा मी मागेच आडवा आहे. डिकी बंद आहे. उजव्या अंगठ्याच्या पेरावर गोल लाल वळ उठलाय, मधोमध एक टिंब. चोळतो, जात नाही.

त्याच हातानं नंबर लावतो.

‘आता काय?’ शेवंता म्हणते.

‘ठेवू नकोस. आई निघाली होती त्या दिवशी, गाडीच्या दारापर्यंत आली होती. दोनदा पाय उचलला तिनं. दोस्तांना दाखवायला गाडी मी उंच करून ठेवली होती. तिला चढता येईना, ते मी बघितलं, शेवंते. बघितलं, आणि माप घेत राहिलो.’