खोटी अठरा वर्षं

गायकवाडबाईंच्या टेबलामागे खिळ्याला एक पांढरा बुशशर्ट कायम टांगलेला असे. मुलाला घेऊन येणारा हवालदार वर्दीत असला, की बाई शर्टाकडे बोट दाखवत. "तो चढवा, मग आत या. वर्दी दिसली की पोरगं बोलायचं बंद होतं." एका जाड्या हवालदाराला बटणं लागेनात. बाई म्हणाल्या, "पोट आत घ्या थोडं. कायद्यासाठी एवढं कराच."

बाई उल्हासनगरच्या प्रोबेशन ऑफिसर, राहायला बदलापूरला हेंद्रेपाड्यात. मी त्यांच्या ऑफिसात क्लार्क होते. तेव्हाच्या कायद्यात मुलगा सोळापर्यंतच बाल धरत; असा सोळाच्या आतला मुलगा पकडला गेला, की त्याचं घर, शाळा, संगत पाहून बालन्यायालयाला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. "मोठ्यांच्या कोर्टात काय केलं ते विचारतात," त्या सांगत. "आपण आता याचं काय करायचं, हेही विचारायचं."

एकदा उल्हासनगरच्याच कॅम्प चार भागातल्या कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली. तिथला एक जुना कामगार आणि त्याच्या हाताखालचा सुनील नावाचा मुलगा पकडले गेले. सुनीलची आई, शांताबाई, जामिनाची चौकशी करत चुकून आमच्याकडे आली. बोलता बोलता कळलं, मुलगा गेल्या वर्षी नववीत नापास झालेला.

"म्हणजे पंधराचा. मग पोलिसांना अठरा कुणी सांगितलं?"

"मीच. जुन्याने फूस लावली हे कारखान्याच्या शेटला ठाऊक आहे, पण तो अठराच्या आतलं पोरगं ठेवत नाही ना बाई. सगळीकडे तेच सांगायची सवय झाली. आता पंधरा म्हटलं तर काम जाईल."

"आणि अठराच ठेवलंत तर पोरगं जाईल. तुरुंगात दिवसभर कुणात बसतंय ते बघून आलात ना?"

बाईंनी तिला शाळेचा दाखला आणायला लावलं, वकिलाकडून अर्ज करवला. कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वय विचारलं तेव्हा शांताबाईच्या तोंडून सवयीने 'अठ' निघालंच. ती थांबली. सुनील मान खाली घालून कैद्यांच्या रांगेत उभा होता.

"पंधरा, साहेब. अठरा मी खोटं सांगितलं."

दाखला पडताळला गेला. जुन्या कामगाराचा खटला तिथेच राहिला, सुनीलचा बालन्यायालयात आला. बाईंचा अहवाल वाचून त्याला बाईंच्या देखरेखीखाली आईच्या ताब्यात दिलं. पुढे नोकरीला ही केस कायद्याने आड येणार नाही, हेही बाईंनी समजावलं.

शांताबाईचं लक्ष नव्हतं. शेटने आधीच सांगून टाकलं होतं, "उमर पूरी होने दो, फिर लाना."

"गेलं ना काम, बाई. तुमच्यामुळे."

"मग रागवा माझ्यावर," बाई म्हणाल्या. "पण घरी जाऊन. याला जेवायला वाढा आधी."

शांताबाई पुटपुटतच निघाली. फाटकापाशी तिने मुलाचं मनगट धरलं, आणि रस्ता ओलांडल्यावरही सोडलं नाही.