उकंडरावांची खुर्ची

वडनेर भोलजीच्या उकंडरावांनी हयातभर वरातीत क्लॅरिनेट वाजवलं, तेही चालता चालता. त्यामुळे विद्यापीठाच्या वाद्यवृंदाने 'लग्नघर' या विषयावरच्या मैफलीसाठी त्यांना बोलावलं, तेव्हा अडचण सुरांची नव्हती, खुर्चीची होती. सूर लागला की त्यांचे पाय नवरदेवाच्या घोड्यापुढे निघत. पहिल्याच तालमीत ते व्हायोलिनवाल्या पोरींमधून थेट दारापर्यंत जाऊन आले.

वाद्यवृंद चालवणाऱ्या प्रतिमा मॅडम म्हणाल्या, "काका, कार्यक्रमात उठलात, तर ही तुमची पहिली आणि शेवटची मैफल."

नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून वाजवायची उकंडरावांना भारी हौस. त्यांनी अंगणात खुर्ची मांडून रोज सराव धरला. त्यांची बायको गोजरबाई ज्वारी निवडता निवडता पहारा करी.

"उठून राह्यले तुमी."

"उठलो नाई वं, सरकलो."

"मंग धोतर बांधू का खुर्चीले?"

"बांध," उकंडराव म्हणाले. तिने खरंच बांधलं.

मैफलीत मात्र ते बिनगाठीचे बसले. वरातीची धून सुरू झाली, तसे डोळे मिटून, खुर्चीला घट्ट चिकटून वाजवत राहिले. टाळ्या पडल्यावर डोळे उघडले, तर प्रतिमा मॅडम हातभर अंतरावर. खुर्ची तालावर सरकत मागच्या रांगेतून पार पुढे आली होती. पोरींनी वरातीला द्यावी तशी तिला वाट दिली होती.

"उठलो काय मी?" उकंडरावांनी विचारलं.

"नाही काका," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या मैफलीला खुर्ची आधीच इथे ठेवू."