टॉवेलची खुर्ची

मी घाम पुसला. माझ्याकडून झालं ते एवढंच.

कळमनुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. जवळच्या एका कॉलेजात मुलांनी स्वतःचं चार पानांचं वर्तमानपत्र काढलं. बातम्या आणि फोटो कसे जमलेत, काय सुधारता येईल, हे सांगायला तिथल्या मॅडमनी मला बोलावलं. मला कुणी बोलायला बोलावतंय, हे पहिल्यांदाच. एरवी लग्नात मला 'जरा बाजूला व्हा' एवढंच म्हणतात. ठेवणीतला कोट घातला आणि भर उन्हात स्कूटरवरून गेलो. मंचावर तीन खुर्च्या. मधलीच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. मला वाटलं, पाहुण्याच्या घामाची सोय. बसलो, टॉवेल ओढला, तोंड पुसलं, मान पुसली. सकाळीच मिशीला लावलेला कलप टॉवेलला लागला.

समोरची पोरं हसली नाहीत. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

दारात संस्थेचे अध्यक्ष उभे होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते वर आले, टॉवेलवरचा काळा डाग पाहिला आणि शिपायाला हळूच म्हणाले, "टॉवेल बदल. खुर्ची पण पुसून घे." मग माझ्याकडं बघून हसले. "मेंढराचा वास लवकर जात न्हाई."

शिपायानं खुर्ची पुसली. फिनेल टाकून. ती वाळेपर्यंत भाऊसाहेब उभे राहिले, म्हणून अख्खा हॉल उभा राहिला. माझ्यामुळं हॉल उभा राहिल्याची आयुष्यातली ही एकच वेळ.

मी हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो. सवय जुनी आहे. चौथीत शाळेचा ग्रुप फोटो निघाला तेव्हा गुरुजींनी मला ओळीतून बाहेर काढलं. आमच्या घरी मेंढरं. शेजारच्या बड्या घरच्या पोराला वास येत होता म्हणे. मला फोटोवाल्याच्या मागं उभं केलं आणि हातात त्याची पेटी दिली. तेव्हाही मी हसलो. घरी जाऊन फुशारकी मारली, मला पेटी धरायला मिळाली. फोटोचा धंदा मी तिथंच शिकलो, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. गंमत म्हणून.

मग बोलायची पाळी आली. मला हलवलं होतं त्या कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलो. आधी चांगलं सांगायचं, मग चूक, असं घरून ठरवून गेलो होतो. पहिल्या पानावर वृक्षारोपण. म्हणालो, फोटो स्वच्छ आलाय, मान्यवर सातही दिसतात, फक्त झाड दिसत नाही. दुपारी बाराला टोपीवाल्याचा फोटो काढला की डोळ्यांवर अंधार पडतो, त्याला सावलीत न्या. बातमीत पाहुण्यांची नावं वर आणि घडलं काय ते तळाला, हे उलटं करा. पोरं लिहून घेत होती. मला माझंच बरं वाटायला लागलं.

तिसऱ्या पानावर थांबलो. छोटाच फोटो. वसतिगृहाच्या पोरी हंडे घेऊन डांबरी रस्ता ओलांडतायत. समोरून ट्रक. मागं पाण्याची टाकी, टाकीवर भाऊसाहेबांचं नाव. शेवटची पोरगी ट्रककडं बघून राहिली. हा मी काढला असता तर गावभर मिरवला असता. खाली ओळ छापली होती : 'श्रमदानात रमलेल्या विद्यार्थिनी.'

कुणी काढला, विचारलं. मागून सारिका नावाची पोरगी उठली. ती त्याच वसतिगृहात राहणारी. मी म्हणालो, फोटो अंकातला सगळ्यात चांगला, पण यात कुणी रमलेलं दिसत नाही.

"मी लिहिलं होतं सर, टाकीत पाणी न्हाई म्हणून," ती म्हणाली. "छापताना बदललं."

भाऊसाहेबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मायेनं विचारलं, गाव कोणतं. वडील काय करतात. खोली कितवी. ती सांगत गेली, मॅडम लिहून घेत गेल्या. वसतिगृहातली जागा गेली की तिचं कॉलेज संपलं, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

मग ते माझ्याकडं वळले. ओळखपत्रांचे फोटो दरसाल तुमच्याकडंच असतात ना, म्हणाले. "पोरीला समजावून सांगा. फोटो चुकला म्हणा. ती माफी मागंल, इषय संपंल."

माझे गाल वर जायला लागले होते. खरं सांगतो. हसू येऊन राहिलं होतं. बोटंही मिटली होती, पेटी धरल्यासारखी. सारिका माझ्याकडं बघत होती. फोटोतली पोरगी ट्रककडं बघते, तशी.

मी बोटं सोडली.

"फोटो बराबर हाय," म्हणालो. "खालची वळ चुकलीय. पुढच्या अंकात तिनं लिहिलेली छापा."

माइक बंद झाला. मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हणालो. आवाज चिरकला. अशा वेळी चिरकू नये, पण चिरकला.

ओळखपत्रांचं काम त्याच संध्याकाळी गेलं. तिसऱ्या दिवशी सारिकाला नोटीस, खोली सोड. तिला विचारून मी तो फोटो मोठा केला आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. खाली तिचं नाव आणि तिचीच ओळ. तेव्हापासून समोर एक पांढरी गाडी येऊन थांबते. काच खाली होत नाही. इंजिन चालूच असतं.

बायकोला अजून सगळं सांगितलं नव्हतं. गाडी पहिल्यांदा थांबली त्या दिवशी सांगितलं, कलपासकट. ती स्टुडिओतल्या, धबधबा रंगवलेल्या पडद्याची घडी घालत होती. तिनं गाडीकडं एकदा बघितलं.

"पोरीला हितं आणा. मागची खोली रिकामी करते." घडी पूर्ण केली. "आन पुन्हा गेलात तर त्याच खुर्चीवर बसा. तोंड पुसू नका. नुसतं बसा."

म्हटलं, आता कशाला बोलावतील ते.

"न्हाई बोलावलं तरी जायचं," ती म्हणाली. "मी पण येते."