धवलारणीची जागा

शेलार गाव सोडलं त्या सकाळी आई मला पोचवायला धामणकर नाक्यापर्यंत आली, तीही बाबांना विचारून. आदल्या दिवशीच्या लग्नाची हळद तिच्या नखांत होती. यंत्रमागांच्या खडखडाटात तिचे शब्द विरले. रिक्षा हलली तेव्हा नुसते ओठ हलताना दिसले.

आई धवलारीण. आमच्या आगरी रीतीत लग्न तीच लावते. ती धवले गाते आणि त्या गाण्यातून एकेक विधी पुढे सरकतो. मांडवात तिच्या शब्दाशिवाय नवरदेव पाऊल उचलत नसे, बाबाही हात जोडून उभे राहत. घरी मात्र पुरुषांची जेवणं उरकल्याशिवाय ती स्वतःचं ताट घेत नसे. या दोन बायका एकाच लुगड्यात कशा मावतात, या प्रश्नापासूनच बहुधा मी पळाले.

आता बंगळूरला फ्लॅट, कॅब, मीटिंगा. नवरा माझ्याहून गोल पोळ्या लाटतो. पण आमच्या लग्नाआधी त्याच्याच सुशिक्षित आईने गोड आवाजात सुचवलं होतं, ‘‘विधी गुरुजी करतील. तुमच्या आईंनी एखादं गाणं म्हणावं, छान वाटेल.’’

‘‘गानं न्हाय ते,’’ आई म्हणाली, ‘‘लगीन हाय.’’

यंदा तिचा आवाज गेला. चुलत बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. फोनवर ती कुजबुजली, ‘‘माज्या जागी तू बस. न्हायतर भटजी येल, मंग आपली जागा गेली.’’ मागून बाबा हसले, ‘‘हापिसवाली बसल काय मांडवात, लॅपटॉप घेवून?’’

बाल्कनीत मी धवले घोकत राहिले. वृत्तं मला मोजता येतात. धवल्याची ओळ मात्र नवरीच्या चालीएवढी लांब, ती चालूनच कळते.

मांडवात माझी पहिली ओळ अडखळली, दुसरी स्थिरावली. माझ्या शब्दावर नवरदेव पुढे झाला. लग्न लागलं. मी उठते तोच काकीने भाताची बादली हातात दिली. ‘‘झालं ना गो तुझं? चल, पुरुषांची पंगत बसलीय, वाढाय घे.’’

मी ती बादली बाबांपुढे धरली, त्यांनी वाढावं म्हणून.

मागे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या मैत्रिणींनो, घर कुठे म्हणून विचाराल, तर मला तेवढीच जागा सांगता येते: बाबांच्या आणि माझ्या हातांमधली. ते अजून बघतच आहेत. बादली जड आहे, आणि मी हात मागे घेतलेला नाही.