तिने न खाल्लेला बर्गर

परवापर्यंत आमच्या घरात एक गोष्ट सगळे खरी मानून चालत होते: आजीला बर्गर आवडत नाही. ही गोष्ट मी पसरवली, आणि ती खोटी होती. आजीने, म्हणजे माझ्या बायकोने, तोवर बर्गर खाल्लाच नव्हता.

मागच्या वर्षी तिचे डोळे दाखवायला वाशीमला गेलो होतो. डॉक्टरांनी थेंब टाकल्यामुळे तिला जवळचे काही दिसत नव्हते. सकाळपासून दोघेही उपाशी. बसला वेळ होता, म्हणून रस्त्यापलीकडच्या नव्या फूड हॉलमध्ये शिरलो. तिथे वेटर नाही. माणसाएवढ्या उंच पडद्यावर बोट लावून आपणच ऑर्डर द्यायची. पडद्याने विचारले, किती? मी एकचा आकडा दाबला.

कंजूषपणा नव्हता. आमच्या घरी माझे ताट आधी वाढले जाते. माझे झाले की त्याच ताटात ती बसते. दोन म्हणायचे माझ्या डोक्यातच आले नाही.

नंबर लागला. ट्रे मी आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"काय हाय त्याच्यात?" तिने विचारले.

"आलूची टिक्की. पावात."

"वास चांगला येऊन राह्यला."

अर्धा ठेवायचा विचार होता. पण बर्गर अर्धा ठेवता येत नाही, मागून सगळे बाहेर येते. हे कारण मी बरेच दिवस स्वतःला दिले. खरे म्हणजे तो चांगला लागत होता. ती पाणी प्यायली.

घरी आल्यावर मी बर्गरचे सांगितले, तेव्हा सुनेने हौसेने विचारले, "आत्याबाई, कसा लागला बर्गर?"

तिच्याआधी मीच बोललो. "तिले नाई आवडला."

बायको चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर घरचे तीनदा तिथे जाऊन आले. आवडत नाही म्हणून तिला घरी ठेवले. तिन्ही वेळा मी गेलो. तिन्ही वेळा खाल्ला.

परवाच्या रविवारी पुन्हा निघालो. सगळ्यांनी चपला घातल्या होत्या. मी दारातच उभा राहिलो आणि सगळे सांगून टाकले.

सून बघतच राहिली. "मंग आत्याबाई, तुमी काहून नाई सांगतलं?"

"मले पुन्हा कोणी विचारलं? हे बोलले, तुमी ऐकलं." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "थांबा. लुगडं बदलून येते."

तिथे नातीने तिचे बोट धरून पडद्यावर लावले. ट्रे आला. तिने तो स्वतःपुढे ओढला आणि पहिला घास घेतला.

"आजी, आवडला?" नातीने विचारले.

सवयीने माझे तोंड उघडले.

"तुमी नका बोलू," बायको म्हणाली. "खाऊन मी राह्यली."

नात वाट बघत होती. मीही. तिने सावकाश चावले, गिळले, दुसरा घास घेतला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि खात राहिली.