एका पगाराचं घर

एका पगारात चालणारं घर, अशी आमची नातेवाइकांत ख्याती होती. ती पसरवली माझ्या नवऱ्यानेच. बारसं असो की दहावा, हातात चहाचा कप आला की तो सुरू व्हायचा. हल्ली दोघं कमावतात तरी रडतात, आमच्याकडे बघा, नियोजन लागतं. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना सूट घेते आहे.) त्याचं नियोजन म्हणजे पगार झाला की घरखर्चाचे पैसे माझ्या हातावर ठेवायचे आणि महिनाभर तिकडे पाठ फिरवायची. तूरडाळीचा भाव त्याला आयुष्यात माहीत नव्हता. आम्ही नाशिकरोडला राहतो, तिथे नोटा छापतात. त्यातल्या काही आमच्या मागच्या खोलीत छापतात, अशी त्याची समजूत असावी.

मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं. दुपारभर मी कॉलनीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचे. गॅसचं सिलिंडर, मुलीच्या क्लासची फी, पाहुण्यांचं श्रीखंड, सगळं त्यातून निघायचं. पण आमच्या घरात त्याला कमाई म्हणत नसत, 'तिचा विरंगुळा' म्हणत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला पीठ कुणी दळलं याची चौकशी कशाला हवी?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बाजारातल्या एका साडीवाल्याने त्याच्या दुकानाशेजारचा छोटा गाळा मला भाड्याने देऊ केला. त्याची गिऱ्हाइकं थेट माझ्याकडे येणार होती. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते. नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता नकार दिला. गरज काय, एका पगारात भागतंय ना? लोक म्हणतील, याला बायको पोसते.

साडीवाल्याला दिवाळीनंतर कळवायचं होतं. मी वाद घातला नाही. मला संताप आला होता, आणि संतापले की मी फार कमी बोलते. मी मशीनवर चादर टाकली. दिवाळीच्या तोंडावर साड्यांचे ढीग घेऊन आलेल्या बायकांना परत पाठवलं आणि दिवाळी फक्त त्याच्या पगारात केली. यंदा अनारसे नाहीत का, एवढंच त्याने विचारलं.

भाऊबीजेला देवळाली कॅम्पहून नणंद आणि तिचे मिस्टर आले. नवरा टोपी घालून पाटावर बसला, नणंदेने ओवाळलं. मग दरवर्षीप्रमाणे त्याने मागे न बघता माझ्याकडे हात केला. दरवर्षी मी त्या हातावर पाकीट ठेवायचे, तो ते ऐटीत तबकात टाकायचा आणि दादाचा हात किती सढळ, असं नणंद सासरी सांगायची. पाकीट कुठून येतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

या वेळी हात तसाच राहिला. त्याने मान वळवली.

"पाकीट?"

"पगारातलं सगळं संपलं," मी म्हटलं. "आजवरची पाकिटं माझ्या मशीनची होती."

नणंद तबक धरून उभीच. नवऱ्याने खिसे चाचपले, फोन काढून खात्यातली शिल्लक बघितली आणि फोन परत ठेवला. शेवटी नणंदेच्या मिस्टरांनी स्वतःची नोट हळूच त्याच्या हातात सरकवली, आणि त्यांच्याच नोटेने त्यांच्याच बायकोची भाऊबीज झाली. मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"लाज नाही काढली. तुमचा पगार दाखवला."

दुसऱ्या दिवशी मी साडीवाल्याला होकार कळवला आणि रिक्षा बोलावली. मशीन उचलायला मी त्याला हाक मारली नव्हती, तो आपणहून आला. दारापर्यंत येता येता त्याला धाप लागली.

"केवढं जड आहे हे," तो म्हणाला.

मशीन आमच्या घरात मुलीच्या जन्माआधीपासून होतं.